डोंगर बुटका, ऊन उंच: अजिंठा रांगेतले किल्ले पहिल्यांदा चढणाऱ्यांसाठी

एप्रिलमधला रविवार. सकाळचे साडेदहा. अंतूर किल्ल्याच्या अलीकडच्या पठारावर आम्ही तिघं उभे होतो आणि तिघांत मिळून पाण्याच्या तीन बाटल्या होत्या. त्यातली एक निम्मी झाली होती. समोर पायवाट छान मळलेली दिसत होती म्हणून तिच्यावरून तासभर चाललो, तर ती एका घळीच्या तोंडाशी येऊन करवंदीच्या जाळीत विरून गेली. मागं वळलो तेव्हा बाभळीखाली बसलेले एक बाबा मघापासून आमच्याकडंच बघत होते.

"कामून आले एवढ्या उन्हाचं?" त्यांनी विचारलं.

"किल्ल्यावर चाललो बाबा."

"मग हिकडं कुठं? ह्या वाटानं ढोरं जातेत, माणसं नाही."

त्यांनी काठीनं उलटी दिशा दाखवली, त्यांच्या कॅनमधलं पाणी दिलं आणि वर न जाता घरी जायला सांगितलं. आम्ही ऐकलं. अंतूर मी पाहिला तो पुढच्या हिवाळ्यात.

त्यानंतर सात-आठ वर्षं या रांगेत फिरतोय. जालन्यातली पोरं आता मला फोन करून विचारतात, "सर, कुठून सुरुवात करू?" दर वेळी तेच सांगतो, म्हणून एकदाच लिहून काढतो. सह्याद्रीतल्या ट्रेकची माहिती ढिगानं मिळते, पण ती जशीच्या तशी आपल्याकडं लागू पडत नाही. तिथं माणूस चढानं दमतो. इथं चढ किरकोळ असतो. दमवतात ते ऊन, पाणी आणि चुकलेली वाट.

१. आधी डोंगर कसा आहे ते समजून घ्या

अजिंठ्याची रांग म्हणजे मराठवाड्याच्या पठाराची उत्तरेकडची कड. दक्षिणेला गोदावरीच्या खोऱ्याकडं हळूहळू उतरत जाणारं पठार आणि उत्तरेला तापीच्या खोऱ्याकडं, म्हणजे खानदेशाकडं, एकदम तुटलेला कडा. बरेचसे किल्ले नेमके या कडेवर किंवा कडेपासून सुटलेल्या सोंडेवर आहेत. त्यामुळं एकाच किल्ल्याला दोन तोंडं असतात. कन्नड-सिल्लोडच्या बाजूनं गेलात तर जवळजवळ सपाटीवरून चालत जाता. सोयगावच्या बाजूनं गेलात तर खरा चढ लागतो, कारण सोयगाव तालुका कन्नड-सिल्लोडसारखाच संभाजीनगर जिल्ह्यात असला तरी घाटाच्या खाली आहे. "किल्ला सोपा आहे" असं कुणी म्हणालं, की पहिला प्रश्न विचारा: वरून गेला होतात की खालून?

दगड सगळा काळा बसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर पसरत गेला, म्हणून डोंगर लांबून जिन्याच्या पायऱ्यांसारखे दिसतात. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी गेरूसारखा लाल, भुसभुशीत पट्टा दिसतो. त्याला धरून चढायचं नाही, तो हातात येतो.

मोबाइलवर युरोपातल्या चुनखडीच्या डोंगरांचे व्हिडिओ बघून येणारी मंडळी वाढली आहेत, म्हणून हेही सांगतो. चुनखडी पाण्यात विरघळते. तिथल्या गुहा पाण्यानं कोरलेल्या असतात आणि माथ्यावरचं पाणी भेगांतून आत मुरून जातं. आपल्याकडं गुहाही माणसानं कोरल्या आणि पाण्याची टाकीही. वर पाणी आहे ते कुणीतरी छिन्नी-हातोडा घेऊन कातळात जागा केली म्हणून. आणि आपला कातळ पावसाळ्यात शेवाळ धरला की तेल ओतल्यासारखा होतो.

२. महिना निवडा, मग किल्ला

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारीची अखेर हे सरळ उत्तर. गवत पिवळं पडत असतं, टाक्यांत पाणी असतं, हवा स्वच्छ असल्यामुळं कड्यावरून खानदेश लांबवर दिसतो.

ऑगस्ट-सप्टेंबरही सुंदर, पण पहिल्यांदाच जात असाल तर नको. गवत कमरेइतकं वाढलेलं असतं, त्यात वाट दिसत नाही आणि पायाखाली काय आहे तेही दिसत नाही. शिवाय पायथ्याच्या शेतातली काळी माती बुटाला अशी चिकटते की एकेक पाय किलो-किलोचा होतो. पहिला पाऊस पडला की उत्साहानं निघणारे बहुतेक जण शेतातच दमतात.

फेब्रुवारी चालेल, दहाच्या आत वर पोचणार असाल तर. मार्च ते मे जाऊच नका. पारा चाळिशीकडं चढत जातो, काळा कातळ खालून भाजतो आणि पानगळीच्या जंगलात तेव्हा सावली म्हणून उरलेली नसते.

३. पहिला किल्ला कोणता?

सगळ्यांना पहिल्याच फेरीत अंतूर करायचा असतो. मी या क्रमानं सांगतो.

*देवगिरी.* हसू नका. संभाजीनगरहून पंधरा किलोमीटरवर आहे, तिकीट काढून जायचं, वाट चुकायचा प्रश्न नाही. यादवांची राजधानी, १३२७ मध्ये तुघलकानं दिल्ली सोडून जिथं राजधानी हलवली तो हा किल्ला. शाळेच्या सहलीत आपण सगळे गेलेलो असतो आणि बहुतेकांना अंधारीतली वटवाघळं सोडून काही आठवत नाही. आता पाठीवर चार किलोची पिशवी घेऊन जा आणि खालच्या दरवाजापासून वरच्या बारादरीपर्यंत न बसता चढून बघा. दम लागला तरी बोलता येत असेल तर पुढचे किल्ले जमतील. बोलता येत नसेल तर महिनाभर रोज चाला आणि परत या.

*वेताळवाडी.* पहिला खरा किल्ला हाच करा. सिल्लोडहून उंडणगाव, हळदा असं गेलं की हळदा घाट उतरताना तो समोरच दिसतो. घाटरस्त्यावरून अर्ध्या तासात दरवाजाशी पोचता येतं. खालच्या वेताळवाडी गावातून गेलात तर तासभराचा चढ. तटबंदी आणि बुरूज अजून दणकट आहेत, दोन्ही बाजूंना दरवाजे आहेत, आत धान्याचं कोठार आहे. वाट फारशी फसवी नाही. फसलात तरी रस्ता दिसत राहतो, आणि नवख्या माणसाला तेवढा धीर पुरतो.

*जंजाळा.* वेताळवाडीच्या जोडीला त्याच दिवशी होतो. जंजाळा गाव पठारावरच असल्यामुळं चढ जवळजवळ नाहीच, पण माथा एवढा पसरलेला आहे की लोक किल्ल्यावर पोचूनही किल्ला शोधत बसतात. जवळच घटोत्कच लेणी आहेत. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख तिथं आहे. याच वराहदेवाचा लेख अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातही आहे. अजिंठ्याला रांगा लागतात, इथं बहुधा तुम्ही एकटेच असता.

*सुतोंडा.* बनोटीजवळच्या नायगावातून. हा खालून चढायचा किल्ला, म्हणून चौथा. इथला खंदक बघायलाच जा: डोंगराची सोंड कातळात सरळ कापून काढली आहे आणि त्या कापलेल्या कातळातच दरवाजा कोरलाय. वर टाक्यांमागून टाकी. मी एकदा मोजायला लागलो आणि विसाच्या पुढं नाद सोडला. एवढं पाणी साठवणारी माणसं कोणत्या दुष्काळातून गेली असतील, असं दर वेळी मनात येतं.

*अंतूर.* सुमारे २७०० फूट उंच, गौताळा अभयारण्याच्या हद्दीत. नागापूरच्या बाजूनं पठारावरून जाता येतं. एकामागून एक दरवाजे, फारसी लेख, वर मोठा तलाव आणि त्याच्या काठी दर्गा. वाटेत दिशा दाखवणारा एक जुना कोरीव दगड उभा आहे, त्यावरही फारसी लेख. चार किल्ले झाल्यावर अंतूर बघाल तर त्याचा थाट कळेल. पहिलाच बघितलात तर बाकीचे फिके वाटतील.

४. नावांचा घोळ

हा वेगळा मुद्दा करतोय, कारण निम्मे लोक इथंच चुकतात. एकेका किल्ल्याला तीन-तीन नावं आहेत. वेताळवाडीला बैतलवाडी म्हणतात, गावात नुसता "वाडीचा किल्ला". जंजाळ्याला वैशागड म्हणतात. सुतोंड्याला साईतेंडा किंवा नायगावचा किल्ला. आणि नायगाव, नागापूर, वाडी ही नावं तर महाराष्ट्रात पावलोपावली. आमच्या ओळखीतले एक जण मोबाइलच्या नकाशात नुसतं "नायगाव" टाकून निघाले आणि दीड तासानं त्यांना समजलं की आपण भलत्याच तालुक्यात आहोत.

उपाय सोपा आहे. किल्ल्याच्या नावाऐवजी जवळचं मोठं गाव आणि तालुका लिहून ठेवा: उंडणगाव, तालुका सिल्लोड, बनोटी, तालुका सोयगाव. नकाशा घरीच उतरवून घ्या, कारण कड्याच्या खाली उतरलात की रेंज जाते. आणि गावात विचारताना "ट्रेकला आलोय" म्हणू नका, "किल्ल्यावर जायचंय, माणसांची वाट कोणती?" असं विचारा.

५. कागदपत्रं आणि परवानगी

फार काही लागत नाही, पण जे लागतं ते नसलं की फाटकावरून परत यावं लागतं.

- आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र, मूळ प्रत. गौताळ्याच्या तपासणी नाक्यावर नाव-गाव नोंदवून प्रवेशशुल्क भरावं लागतं.
- गाडीचे कागद आणि लायसन्स. नाक्यावर गाडीचीही नोंद होते.
- सुटे पैसे. रेंज नसली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत. चहाच्या टपरीवर नाहीत आणि नाक्यावरही नाहीत.
- एका कागदावर घरच्यांचा नंबर, रक्तगट आणि चालू असलेल्या औषधांची नावं. मोबाइल बंद पडला तर हाच कागद बोलतो.

गौताळा १९८६ मध्ये अभयारण्य झालं. आत मुक्काम, चूल पेटवणं, ड्रोन उडवणं हे सगळं वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय करायचं नाही. फाटक किती वाजता बंद होतं ते सकाळी आत जातानाच विचारून घ्या. बिबट्या इथं नेहमीचा. २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ चालत चालत गौताळ्यात येऊन पोचला होता, तेव्हापासून आमच्या गटातले दोघे अंधार पडायच्या आत आपोआप गाडीत येऊन बसतात. ती सवय चांगलीच आहे.

६. पिशवीत काय घ्यायचं

पाणी. हिवाळ्यात माणशी तीन लिटर, ऑक्टोबरात चार. "वर टाकी आहेत ना" हे कारण चालणार नाही. टाकं शेवाळलेलं असतं, कधी त्यात मेलेलं पाखरू तरंगत असतं, कधी बादलीचा दोर पोचत नाही. आमचा नियम असा: आपलं निम्मं पाणी संपलं की जिथं असू तिथून परत. किल्ला दिसत असला तरी परत. हा नियम पाळताना दोनदा भांडणं झाली आहेत, तरी तो मोडलेला नाही.

खायला धपाटे. दोन दिवस टिकतात, थंड खाता येतात, चुरा होत नाही. सोबत शेंगदाण्याची चटणी, कांदा, काकडी आणि खिशात गूळ-शेंगदाणे. पुड्यातले वेफर तहान वाढवतात आणि रिकामा पुडा दरीत उडतो. साखर-मीठ-लिंबू वेगळ्या डबीत ठेवा. डोकं दुखायला लागलं की ते आधी प्या, गोळी नंतर.

बूट जुने, तळवा खडबडीत. नवे बूट घालून पहिल्याच दिवशी डोंगरावर जाऊ नका, टाचेला फोड आला की चार किलोमीटर चाळीस होतात. जीन्स नको. घामानं जड होते, गुडघ्यात अडकते. आणि मोजे लोकरी नकोत. नोव्हेंबरातली कुसळं मोज्यात अशी घुसतात की रात्री घरी आल्यावर चिमट्यानं एकेक काढत बसावं लागतं. माझ्या बायकोनं माझे दोन जोड सरळ चुलीत घातले. गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला टोपी आणि गळ्यात मोठी सुती दस्ती. ही दस्ती ओली करून डोक्यावर घेता येते, मधमाश्या आल्या तर तोंड झाकता येतं, हात मुरगळला तर झोळी होते.

शिवाय टॉर्च, शिट्टी, पट्टी-मलम आणि एक काठी. काठी गावातून मागून घ्या, येताना परत द्या.

७. पोचायचं कसं

चार जण असाल तर स्वतःची गाडी परवडते, कारण दोन किल्ले एका दिवसात होतात. जालन्याहून आम्ही भोकरदन-सिल्लोडमार्गे पहाटे साडेचारला निघतो.

एसटीनं जायचं तर संभाजीनगरहून सिल्लोड आणि कन्नडला दिवसभर गाड्या आहेत. अडचण त्यांच्या पुढची आहे. खेड्यात जाणाऱ्या गाड्या मोजक्या, आणि शाळेला सुट्टी असली की काही फेऱ्या होतच नाहीत. म्हणजे आपण रविवारी जातो आणि गाडी रविवारीच नसते. आदल्या दिवशी तालुक्याच्या स्थानकावर चौकशी करा, आणि जायच्या गाडीपेक्षा परतीची शेवटची गाडी नीट विचारा. महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट नाही, पण आधार कार्ड दाखवावं लागतं. आमच्या गटातल्या एक आजी वेताळवाडीच्या दरवाजापर्यंत अशाच फुकटात आल्या होत्या.

गाडी गावात लावताना कुणाच्या तरी दारात विचारून लावा. किती जण आहात आणि किती वाजेपर्यंत परत येणार, हे त्या घरी सांगून ठेवा. माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची सुरक्षा. उशीर झाला की तेच लोक बॅटरी घेऊन बघायला येतात.

८. वाट ओळखायची कशी

ढोरवाट आणि माणसाची वाट यात फरक आहे. ढोरवाट रुंद असते, तिच्यावर शेण असतं आणि ती डोंगराला आडवी, एकाच पातळीत जाते. ढोरांना गवत आणि पाणी हवं असतं, माथा नको असतो. त्यामुळं ती शेवटी पाणवठ्यावर किंवा घळीत जाते. माणसाची वाट अरुंद असते, ती चढते, अवघड जागी पायानं झिजलेला दगड दिसतो, एखाद्या वळणावर दगडावर दगड रचलेले दिसतात. पंधरा मिनिटं चालूनही उंची वाढत नसेल तर थांबा. शेवटचा झिजलेला दगड जिथं दिसला होता तिथं परत जा. झाडोऱ्यातून सरळ वर काढायचा मोह होईल, पण तिथंच घसारा, म्हणजे पायाखालून सुटणारी माती-खडी असते आणि खाजकुयलीही.

दर अर्ध्या तासानं मागं वळून बघा. परत येताना डोंगर उलटा दिसतो, ओळखीचं झाडही ओळखू येत नाही. एक फोटो मागच्या दिशेचाही काढून ठेवा.

९. आग्या मोहोळ, साप आणि कडा

आग्या मोहोळाची भीती बिबट्यापेक्षा जास्त बाळगा. दरवाजाच्या कमानीत, लेण्याच्या छताला, कड्याच्या पोटाला पोळी असतात. कमानीखाली जायच्या आधी वर बघा. अत्तर किंवा सेंट लावून येऊ नका, विडी-सिगारेट पेटवू नका, प्रतिध्वनी ऐकायला ओरडू नका. माश्या उठल्याच तर हात झटकत उभं राहू नका. तोंड आणि डोकं झाकून, पायाखाली बघत, पोळ्यापासून लांब निघा. पुष्कळ डंख झाले, ओठ सुजले किंवा श्वास जड झाला तर थेट दवाखाना.

फुरसं दगडाखाली असतं आणि दगडाच्याच रंगाचं असतं. बसायच्या आधी काठीनं आपटा, फटीत हात घालू नका. चावलंच तर चिरा पाडू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडं नेऊ नका. तो पाय किंवा हात न हलवता माणसाला उचलून ग्रामीण रुग्णालयात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही संकटात ११२, वनखात्यासाठी १९२६. रेंज कड्याच्या वरच्या अंगाला मिळते, म्हणून एकानं वर धावायचं आणि बाकीच्यांनी जखमीजवळ थांबायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

कड्यावर फोटो काढताना पाठ दरीकडं करून मागं सरकू नका. वाळलेलं गवत चपलेखालून सटकतं.

१०. परतीची वेळ

हिवाळ्यात दुपारी दोनला माथा सोडायचा, मग काहीही बघायचं राहिलेलं असो. उतारावर गुडघे बोलायला लागतात, पावलं लहान टाका, काठी पुढं टेकवा. गावात पोचलात की ज्या घरी सांगून गेला होतात तिथं आधी जा, परत आल्याचं सांगा. बहुधा चहा मिळतो. काठी त्यांच्याच दारात टेकवून ठेवा, पुढच्या कुणाला तरी लागेल.